हवेचा हिशोब व्हॉल्व्हपाशी

कारखान्याला विजेचं बिल येतं, पाण्याचं येतं, कोळशाचं येतं. दाबलेल्या हवेचं बिल कधी येत नाही. ते विजेच्या बिलात मिसळून येतं, म्हणून ते वेगळं काढून वाचायची सवय कुणाला लागलेली नाही. हिंगणघाटच्या कापड-सुताच्या धंद्यात, वर्धा जिल्हाभर पसरलेल्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये, वर्धा-देवळीच्या एमआयडीसीतल्या शेडमध्ये हवेवर चालणारी यंत्रं भरपूर आहेत आणि ती रोज हाताळणारी माणसंही भरपूर आहेत. पण एखाद्या सिलिंडरची एक खेप किती पैशांची, हे त्यांच्यापैकी कुणाला विचारलं तर बहुतेक जण हसतील. ही पुस्तिका त्या हसण्याच्या पुढे जावं म्हणून लिहिली आहे.

विषय मुद्दाम आखूड ठेवला आहे. कॉम्प्रेसर कोणता घ्यावा, स्क्रू की पिस्टन, ड्रायर कुठला, हे इथे सापडणार नाही. त्यावर भरपूर छापलं गेलंय आणि कॉम्प्रेसर विकणारे प्रतिनिधीही दारात येऊन ते आनंदाने सांगतात. इथे आहे तो न्यूमॅटिक व्हॉल्व्ह, त्याच्या पुढचा सिलिंडर किंवा अ‍ॅक्च्युएटर, आणि या दोघांमधली नळी. हवा तयार होते कॉम्प्रेसर रूममध्ये. खर्च होते ती या दीड-दोन मीटरच्या पट्ट्यात. आणि या पट्ट्यावर मालकाचा किंवा मॅनेजरचा हात पोचत नाही, फिटरचा पोचतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हवेच्या बचतीचा खरा अधिकारी हा फिटर आहे आणि आपण आजवर त्याच्या हातात पाना दिला, हिशोब दिला नाही.

आधी हवेचा भाव पाहू. बरा चालणारा स्क्रू कॉम्प्रेसर 7 बार दाबाला मिनिटाला 1 घनमीटर मोकळी हवा दाबायला साधारण 6 किलोवॅट घेतो. म्हणजे 1 घनमीटर हवेला 0.1 युनिट. युनिटचा दर 8 रुपये धरला तर 80 पैसे. आकडा किरकोळ वाटतो, कारण घनमीटर डोळ्यांसमोर येत नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे बीईईने, ऊर्जा लेखापरीक्षकांसाठी काढलेल्या पाठ्यपुस्तकात एक साधा तक्ता आहे. 7 बार दाबाच्या लाइनला 1.6 मिलिमीटरचं भोक पडलं तर 0.8 किलोवॅट वाया जातात, भोक 3.1 मिलिमीटरचं झालं तर 3 किलोवॅट. वर्षाला 8000 तास चालणाऱ्या सूतगिरणीत त्या पहिल्या बारक्या भोकाचे 6400 युनिट होतात, म्हणजे 51,200 रुपये. 1.6 मिलिमीटर म्हणजे नीट न बसलेल्या पुश-फिटिंगमधली फट. त्याच पुस्तकात असंही आहे की कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी शेवटच्या कामापर्यंत 10 ते 30 टक्केच पोचते. बाकीची बहुतेक उष्णता होऊन निघून जाते. इतकी महागडी ऊर्जा आपण इतक्या बेफिकिरीने सोडतो, याचं एक कारण ती दिसत नाही हे आहे आणि दुसरं कारण ती वास मारत नाही. तेल गळलं तर फरशी घसरडी होते, वाफ गळली तर भाजतं. हवा गळली तर, एका जुन्या फिटरच्या शब्दांत, “हवाच तं हाये ना भाऊ, कुठं तेल सांडून राह्यलं!”

पण याच जिल्ह्यात हवेची गळती अजिबात चालवून न घेणारी एक जागा आहे. ती म्हणजे रेल्वे. वर्धा जंक्शनवरून मुंबई-नागपूर आणि बल्लारशाहकडच्या गाड्या जातात, त्यांचे ब्रेक हवेवर चालतात. ब्रेक पाइपमध्ये 5 किलोचा दाब राखला जातो. जॉर्ज वेस्टिंगहाउसने 1869 मध्ये हवेचा ब्रेक आणला आणि 1872 मध्ये त्यात जो बदल केला, तोच आजवर मूळ तत्त्व म्हणून टिकला: दाब असेल तर ब्रेक सुटलेले, दाब गेला तर ब्रेक लागलेले. त्यामुळे गळती म्हणजे गाडी अडकणं. गाडी सुटण्याआधी दाब भरून, पुरवठा तोडून, काटा मिनिटाला किती उतरतो हे पाहिलं जातं आणि तो मर्यादेबाहेर उतरत असेल तर गळती शोधल्याशिवाय गाडी हलत नाही. कारखान्यात मात्र उलट आहे. तिथे गळती झाली की कॉम्प्रेसर मुकाट्याने जास्त वेळ लोडवर चालतो आणि काटा जागच्या जागी ठेवतो. उत्पादन थांबत नाही, म्हणून कुणी ओरडत नाही. कॉम्प्रेसर जितका मोठा, तितका आजार झाकलेला. नवा मोठा कॉम्प्रेसर घेतल्यावर वर्षभरात ‘पुन्हा हवा कमी पडतेय’ ही तक्रार का येते, त्याचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं.

आता एका सिलिंडरपाशी जरा थांबू. पुस्तिकेतला सगळ्यात लांब भाग याच्यावर आहे, आणि तो वाचताना हातात कागद-पेन्सिल असावी.

50 मिलिमीटर बोअरचा, 100 मिलिमीटर स्ट्रोकचा, 20 मिलिमीटर रॉडचा डबल-अ‍ॅक्टिंग सिलिंडर घ्या. असा सिलिंडर कुठल्याही शेडमध्ये सापडेल. लाइनचा दाब 6 बार. पुढे जाताना पिस्टन जी जागा मोकळी करतो ती 196 घन सेंटिमीटर. ती 6 बारला भरायची म्हणजे मोकळ्या हवेत मोजली तर सातपट, कारण वातावरणाचा 1 बार त्यात धरावा लागतो. झाली 1.37 लिटर. मागे येताना रॉडची जागा वजा होते, म्हणून 1.15 लिटर. एका पूर्ण खेपेला अडीच लिटर. इथपर्यंत सगळ्या कॅटलॉगांत असतं.

कॅटलॉगात नसते ती नळी. व्हॉल्व्ह पॅनेलमध्ये, सिलिंडर यंत्राच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये 6 मिलिमीटर आतल्या व्यासाच्या 3-3 मीटरच्या दोन नळ्या. प्रत्येक नळीत 85 घन सेंटिमीटर जागा. दर खेपेला प्रत्येक नळी एकदा 6 बारपर्यंत भरते आणि एकदा सायलेन्सरमधून रिकामी होते. दोन्ही मिळून 1 लिटरहून थोडी जास्त हवा. या हवेने काहीही ढकललं नाही, काहीही उचललं नाही. सिलिंडर अडीच लिटर खातो आणि नळी एक लिटर. कामाच्या हवेवर 40 टक्के वर. मिनिटाला 12 खेपा आणि वर्षाला 8000 तास धरले तर नुसत्या नळीत 5,800 घनमीटरच्या वर हवा जाते. 580 युनिट, साडेचार हजारांच्या पुढे रुपये. व्हॉल्व्ह उचलून सिलिंडरपासून अर्ध्या मीटरवर बसवला की त्यातले सहात पाच हिस्से वाचतात. लागतं काय? थोडी लांब वायर, एक ब्रॅकेट, अर्ध्या पाळीचं काम. विजेची वायर लांबवा, हवेची नळी आखडा. या पुस्तिकेतली एकच गोष्ट कुणी लक्षात ठेवणार असेल तर ही ठेवावी.

यात एक फायदा आपोआप होतो: सिलिंडर चपळ होतो. खेप जलद झाली म्हणून दाब खाली आणायला वाव मिळतो. लाइनवर दाब वाढवून यंत्राचा वेग वाढवायची आपल्याकडची जुनी खोड लांब नळ्यांतूनच आलेली आहे, असं मला वाटतं.

दुसरी बचत परतीच्या खेपेत आहे. पुढे जाताना सिलिंडर काम करतो: दाबतो, ढकलतो, फ्लॅप उघडतो. मागे येताना बहुतेक वेळा नुसता रिकामा येतो. तरी आपण त्याला मागे यायलाही 6 बार देतो. परतीच्या बाजूला चेक व्हॉल्व्हसह छोटा रेग्युलेटर लावून तिथे 3 बार ठेवले तर वरच्याच सिलिंडरची खेप 2.53 लिटरवरून 2.03 वर येते. पाचवा हिस्सा गेला. जिथे भार हलका आणि स्ट्रोक आखूड आहे तिथे स्प्रिंग-रिटर्न सिलिंडर आणि 3/2 (तीन पोर्ट, दोन स्थिती) व्हॉल्व्ह लावला की परतीची हवा पूर्णच वाचते. अर्थात स्प्रिंगला दाबायला पुढच्या खेपेत जोर लागतो, त्यामुळे कधी बोअर वाढवावा लागतो आणि कमावलेलं तिथे जातं. म्हणून हे सरसकट करू नये. तिसऱ्या प्रकरणात हा हिशोब करून दाखवला आहे; तो न करता कुणी सिलिंडर बदलायला घेतले तर दोष पुस्तिकेला देऊ नये.

मग येते गळती. फिटिंगची, नळीची गळती साबणाच्या पाण्याने कळते. ती शोधायला कुणाला शिकवावं लागत नाही, फक्त वेळ द्यावा लागतो. व्हॉल्व्हची गळती मात्र फसवते, कारण ती सायलेन्सरमधून निघते आणि सायलेन्सरमधून हवा निघणं हे आपण नैसर्गिकच मानतो. तपासायची रीत अशी. यंत्र थांबवा, हवा चालू ठेवा. सिलिंडर टोकाला जाऊन शांत झाला की 5/2 व्हॉल्व्हच्या 3 आणि 5 या दोन्ही सायलेन्सरपुढे तळहात धरा. हालचाल नसताना तिथे हवा लागता कामा नये. लागत असेल तर दोनच शक्यता: व्हॉल्व्हच्या आतलं स्पूलचं सील गेलंय, किंवा सिलिंडरच्या पिस्टनचं सील गेलंय आणि हवा पिस्टन ओलांडून दुसऱ्या नळीने परत येतेय. दोन्हींत हवा त्याच सायलेन्सरमधून बाहेर पडते, त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही. हवा बंद करा, दाब उतरवा, ज्या बाजूला दाब नसायला हवा त्या बाजूची नळी व्हॉल्व्हपासून काढा, कॉईल आहे त्याच स्थितीत ठेवून हवा हळूच उघडा. नळीच्या तोंडातून हवा आली तर दोष सिलिंडरचा. व्हॉल्व्हच्या पोर्टातून आली तर दोष व्हॉल्व्हचा. हे काम पाच मिनिटांचं आहे. ते न केल्यामुळे धडधाकट व्हॉल्व्ह भंगारात जातात, नवे बसतात, गळती तशीच राहते, आणि मग ‘हल्ली माल चांगला येत नाही’ असं ठरतं. गेलेलं असतं ते सिलिंडरचं सील, ज्याचं किट व्हॉल्व्हपेक्षा स्वस्त असतं.

काही व्हॉल्व्ह मुळातच थोडे गळतात. धातूच्या घासून बसवलेल्या स्पूलला रबराचं सील नसतं. ते फार टिकतात, पण बंद असतानाही थोडी हवा सोडत राहतात. जलद आणि सतत चालणाऱ्या जागी ते योग्य; दिवसातून चारदा हलणाऱ्या गेटवर लावणं म्हणजे उधळपट्टी. तीच गोष्ट प्रक्रिया उद्योगातल्या पोझिशनरची. वर्ध्याजवळ भूगावला पोलाद कारखाना आहे. अशा कारखान्यांत, साखर कारखान्यांत, बॉयलरवर कंट्रोल व्हॉल्व्ह असतात आणि त्यांच्यावरचे जुन्या धाटणीचे नॉझल-फ्लॅपर पोझिशनर व्हॉल्व्ह स्थिर असतानाही मिनिटाला काही लिटर हवा सोडत बसतात. त्यांच्या कामाची पद्धतच ती आहे, बिघाड नाही. समजा प्रत्येकी 5 लिटर आणि असे 100 नग. झाले अर्धा घनमीटर, म्हणजे 3 किलोवॅट, रात्रंदिवस. पिझो-व्हॉल्व्ह असलेले नवे डिजिटल पोझिशनर स्थिर असताना जवळजवळ काहीच घेत नाहीत. मात्र ते महाग आहेत. केवळ हवेसाठी चालू पोझिशनर बदलू नका, मोडला की त्या जागी नवा कोणता घ्यायचा हे आधी ठरवून ठेवा.

बॅग फिल्टरचा उल्लेख करायलाच हवा, कारण धूळ जिथे आहे तिथे तो आहे. पिशव्या झटकायला डायफ्राम पल्स व्हॉल्व्ह असतात. ते सेकंदाचा सुमारे दहावा भाग उघडतात आणि हवेचा झोत सोडतात. बहुतेक ठिकाणी हे टायमरवर चालतं: धूळ असो वा नसो, ठरल्या वेळाला फटका. त्याऐवजी पिशव्यांच्या आतबाहेरचा दाबफरक मोजून गरज पडेल तेव्हाच फटका दिला तर हवा वाचते आणि पिशव्याही जास्त जगतात. आणि एक डायफ्राम फाटला की तो व्हॉल्व्ह अखंड सोडत राहतो. धुळीच्या उंच प्लॅटफॉर्मवर चढून तो कोण पाहणार, म्हणून महिनोन् महिने तसाच राहतो.

आता आपल्या मुलखाच्या दोन-तीन गोष्टी, ज्या पुण्या-कोइमतूरच्या कॅटलॉगात येत नाहीत. पहिली उन्हाची. कॉम्प्रेसरने ओढलेली हवा दर 4 अंशांनी तापली की तेवढ्याच हवेला वीज 1 टक्का जास्त लागते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा 45 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या कॉम्प्रेसर रूमची हवा त्याहून गरम असते. जानेवारीच्या तुलनेत पाच टक्क्यांहून जास्त फरक तिथेच पडतो. म्हणजे व्हॉल्व्हपाशी वाचवलेली हवा उन्हाळ्यात जास्त मोलाची. दुसरी रुईची. जिनिंगमध्ये आणि सूतगिरणीत हवेत तरंगणारी फुसफुस कॉम्प्रेसरच्या सक्शन फिल्टरवर गोधडीसारखी बसते. तिथे 25 मिलिबार अडथळा झाला की क्षमता 2 टक्क्यांनी उतरते. तीच फुसफुस सायलेन्सरवर बसली की सिलिंडर मंद होतो, आणि मग कुणीतरी सायलेन्सर काढून फेकून देतो किंवा दाब वाढवतो. दोन्ही चूक. सायलेन्सर रॉकेलमध्ये बुडवून, वाळवून परत लावता येतो. तिसरी पावसाची. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत लाइनला पाणी सुटतं, ते व्हॉल्व्हमधल्या तेलात मिसळून पांढरट चिकट लगदा होतो आणि स्पूल अर्ध्यात अडकतो. अर्ध्यात अडकलेला स्पूल दोन्हीकडे हवा सोडतो. या दिवसांत ऑटो-ड्रेनवर लक्ष हवं. तोही एक व्हॉल्व्हच आहे, आणि टायमरवरचा ड्रेन पाणी संपल्यावरही तितकाच वेळ उघडा राहून हवा फुंकतो. पाण्याची पातळी पाहून उघडणारा ड्रेन थोडा महाग पडतो, पण सूतगिरणीत लवकर वसूल होतो.

सूतगिरणी म्हटलं आणि जिन म्हटलं नाही, ते मुद्दाम. दोन्हींचा हिशोब वेगळा आहे आणि हा फरक सल्ला देणारे विसरतात. सूतगिरणी तीन पाळ्यांत वर्षभर चालते. ऑटोकोनरचे स्प्लायसर तुटलेलं सूत हवेच्या झोताने जोडतात, रिंग फ्रेमच्या काही बनावटींत टॉप आर्मचा दाबही हवेवर असतो. तिथे हवा हा कच्चा मालच आहे. जिन मात्र दसरा-दिवाळीनंतर पेटतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी थंडावतो. वर्षाला 2500 तास धरले तर 1.6 मिलिमीटरच्या त्याच भोकाचे 2000 युनिट, 16,000 रुपये. गिरणीत सहा महिन्यांत फिटणारा खर्च जिनात दोन हंगाम खातो. म्हणून जिनवाल्यांना माझं सांगणं वेगळं आहे: महागडं काही विकत घेऊ नका. तुमच्याकडे गिरणीला न मिळणारी एक गोष्ट आहे, हंगामाबाहेरचे महिने. त्या काळात सगळे सिलिंडर उघडा, सीलं बदला, नळ्या आखडा. एक खुलासाही करून ठेवतो. ढिगातून कपास ओढून नेणारा जाड पाइप जिनमध्ये ‘न्यूमॅटिक’ म्हणून ओळखला जातो, पण तो पंख्याच्या हवेवर चालतो; त्याचा आणि या पुस्तिकेचा संबंध नाही. पंख्यांतही वीज जाते आणि भरपूर जाते, पण तो वेगळा विषय आहे.

दाबाबद्दल थोडं. फ्लोअरवर सगळे ‘सहा किलो’, ‘सात किलो’ म्हणतात. पुस्तिकेत बार वापरला आहे, व्यवहारापुरते दोन्ही एकच समजावेत. कॉम्प्रेसरचा दाब 1 बारने उतरवला की वीज 6 ते 10 टक्के वाचते, आणि 7 वरून 6 वर आणलं तर प्रत्येक गळतीतून जाणारी हवाही सुमारे आठवा हिस्सा घटते. पण दाब उतरवण्याआधी सगळ्यात जास्त दाब मागणारं यंत्र कोणतं ते शोधावं लागतं. बहुधा ते एकच असतं, आणि त्या एकासाठी सगळा कारखाना 7 बारवर चालत असतो. त्या जागी मोठ्या बोअरचा सिलिंडर किंवा छोटा बूस्टर बसवला की बाकीचे सुटतात. एफआरएलचा (फिल्टर-रेग्युलेटर-लुब्रिकेटर संचाचा) रेग्युलेटर पूर्ण आवळून ठेवायची सवय असेल तर ती आधी मोडा. आवळलेला रेग्युलेटर म्हणजे रेग्युलेटर नसणंच.

हवा मारून यंत्र साफ करण्याबद्दल मी कडक लिहिलं आहे आणि त्यावर नाराजी होईल हे मला ठाऊक आहे. उघड्या नळीला पिळा देऊन फुंकणं हा सगळ्यात महाग झाडू आहे. नोझल असलेली गन वापरली तर निम्म्याहून कमी हवेत तेच काम होतं. आणि पाळी संपताना अंगावर, कपड्यांवर हवा मारून घेणं ताबडतोब बंद व्हायला हवं. कान, डोळे आणि त्वचेवरची जखम यांतून दाबाची हवा आत शिरली तर गंभीर इजा होते, माणूस जाऊही शकतो. इथे बचतीचा प्रश्नच नाही.

बचतीच्या नादात जिवाशी खेळ होऊ नये म्हणून चार ठिकाणी चौकट टाकून इशारे दिले आहेत. क्लॅम्प, ब्रेक आणि उभा भार धरणारा सिलिंडर यांचा दाब स्वतःच्या मनाने कमी करू नका. यंत्र थांबल्यावर त्याची हवा तोडणारा शट-ऑफ व्हॉल्व्ह लावणं ही उत्तम कल्पना आहे, पण हवा परत येताना सॉफ्ट-स्टार्ट नसेल तर सगळे सिलिंडर एकदम झेपावतात. आणि कॉक बंद केला म्हणजे आतला दाब गेला असं समजू नका. मध्ये अडकलेली हवा तासभराने देखील बोट चेचते.

काही वाचकांना वाटेल की वर्ध्यात बसून बचतीवर लिहायचं तर गांधीजींचं नाव यायला हवं. मला त्यांच्यापेक्षा जे. सी. कुमारप्पांची आठवण जास्त येते. 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम मगनवाडीतून चालू लागलं, तेव्हा कुमारप्पा त्याचे सचिव होते. ते लंडनला शिकलेले हिशोब तपासनीस होते. ग्रामोद्योगाची बाजू त्यांनी भावनेने कमी आणि जमाखर्चाने जास्त मांडली. कॉम्प्रेसर पाहून ते खूश झाले असते असा माझा दावा नाही. पण सायलेन्सरमधून निघणाऱ्या हवेचा खर्च कुठल्या वहीत लिहिता, एवढं त्यांनी नक्की विचारलं असतं.

आपल्या राज्यात हवेच्या यंत्रांचं ज्ञान नवं नाही. किर्लोस्कर न्यूमॅटिक 1958 पासून पुण्यात कॉम्प्रेसर बनवते. 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानंतर मोठ्या कारखान्यांत ऊर्जा लेखापरीक्षण रुळलं. पण लेखापरीक्षणाचा अहवाल इंग्रजीत येतो, व्यवस्थापकाच्या कपाटात जातो, आणि ज्याने नळी कापायची त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून ही पुस्तिका मराठीत आहे आणि ज्या शब्दांत फ्लोअरवर बोललं जातं त्याच शब्दांत आहे. आयटीआयच्या फिटर आणि इलेक्ट्रिशियनच्या विद्यार्थ्यांना ती सुरुवातीपासून वाचता यावी अशी मांडणी केली आहे. अनुभवी माणसाने सरळ तिसऱ्या प्रकरणापासून सुरू करावं. मालकांनी शेवटचं वाचावं, त्यात रुपये आहेत. एक सूचना मात्र मालकांना इथेच करून ठेवतो: फिटरने गळती शोधून दिली की त्याला ती दुरुस्त करायला वेळ आणि सुटे भाग द्या. शोधलेली गळती तशीच टांगून राहिली की पुढच्या वेळी कुणी शोधत नाही.

आकडे जिथे दिलेत तिथे ते कसे काढले हेही दिलंय, म्हणजे तुमच्या बोअर-स्ट्रोकचे, तुमच्या दराचे आकडे तुम्ही घालू शकाल. युनिटचा दर बदलेल, पद्धत बदलणार नाही.

वाचायला सुरुवात करण्याआधी एक काम करा. येत्या साप्ताहिक सुट्टीला सगळी यंत्रं बंद असताना हवेच्या लाइनचे कॉक उघडे ठेवून कॉम्प्रेसर चालू करा. दाब भरू द्या. मग घड्याळ घेऊन कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर राहतो आणि किती वेळ अनलोड, हे आठ-दहा फेऱ्या लिहून काढा. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोडचा वेळ, ही तुमची गळती. लोड 2 मिनिटं आणि अनलोड 6 मिनिटं आलं तर 25 टक्के. मिनिटाला 10 घनमीटरचा कॉम्प्रेसर असेल तर अडीच घनमीटर, 15 किलोवॅट. वर्षभर चालणाऱ्या गिरणीत ते 1,20,000 युनिट होतात. तुमच्याकडे व्हीएफडीचा (मोटरचा वेग बदलत चालणारा) कॉम्प्रेसर असेल तर लोड-अनलोड दिसणार नाही; तेव्हा पॅनेलवर किती किलोवॅट दिसतात तेवढे टिपा. नंतर एकेका खात्याचा कॉक बंद करत जा आणि कुठला बंद केल्यावर आकडा सगळ्यात जास्त उतरतो ते पाहा. तो आकडा आणि त्या खात्याचं नाव या पुस्तिकेच्या पहिल्या कोऱ्या पानावर तारखेसह लिहा, आणि मगच पुढचं पान उलटा.